कोंडलं, डांबलं की कैद केलं? अर्जात कोणता शब्द लिहावा?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. गावात कुणाला अर्ज लिहायचा असला की लोक माझ्याकडे येतात. विहिरीचं अनुदान, रेशनकार्डातलं चुकलेलं नाव, सातबाऱ्यावरची नोंद, असले अर्ज मी डोळे मिटून लिहीन. या वेळचा अर्ज मात्र एका शब्दावर अडला आहे.

आमच्या गावातलं एक कुटुंब दिवाळीनंतर परराज्यात वीटभट्टीवर गेलं होतं. नवरा-बायको आणि दोन लेकरं. उचल घेतलेली होती. मध्येच नवऱ्याला ताप भरला, कामाला उभं राहता येईना. गावी जातो म्हटलं तर ठेकेदाराने फोन काढून घेतला आणि रोज संध्याकाळी खोलीला बाहेरून कडी घालायला लागला. अशा बारा रात्री गेल्या. शेवटी एका ट्रकवाल्याच्या फोनवरून गावात निरोप आला आणि चार जण जाऊन त्यांना घेऊन आले.

बाईने मला जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "बाई, आमाले थ्या खोलीत कोंडलं व्हतं. रातच्याले भायेरून कडी लावे. पोराले भायेर न्याचं म्हटलं तरी दारावर थापा माराव लागे, अन् कोनी आलं तर आलं."

मी अर्जात लिहिलं, "ठेकेदाराने आम्हास बारा दिवस बेकायदेशीरपणे कैद केले." ठाण्यातल्या टेबलावरच्या माणसाने ते वाचलं, पेनाने 'कैद'खाली रेघ मारली आणि म्हणाला, "कैद कोर्ट देतं. ठेकेदार कसा कैद करेल? नीट लिहून आणा." ती बाई पदर तोंडाला लावून बाजूला उभी होती. आम्ही परत आलो.

त्याला काम टाळायचं होतं असं मला वाटतं. तरीही रात्रभर तो शब्द डोक्यातून गेला नाही. बाई 'कोंडलं' म्हणाली होती, तिचा शब्द मी बदलला. का बदलला? 'कोंडलं' हे घरगुती वाटलं म्हणून. आई खोडकर पोराला खोलीत कोंडते, आपण मांजर कोंडतो, भाताची वाफ कोंडते, धूर कोंडतो, जीव कोंडतो. कागदावर याला वजन येईल का अशी शंका आली. 'डांबून ठेवले' हा बातम्यांतला शब्दही मनात आला होता. तो बरोबर ठरेल का? या सगळ्या शब्दांत फरक नेमका काय आहे, ते जाणकारांनी सांगावं. अर्ज परवा द्यायचा आहे.

शाळामास्तर, दारव्हा

ताई, त्या टेबलावरच्या माणसाचं म्हणणं मराठीच्या दृष्टीने चूक आहे. 'कैद' हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला, आणि तो कधीच फक्त कोर्टाच्या मालकीचा नव्हता. बखरींत एक सरदार दुसऱ्याला कैद करतो तिथे कुठलं कोर्ट बसलं होतं? आग्र्यात १६६६ मध्ये शिवाजी महाराज नजरकैदेत होते, खटला कुणीच चालवला नव्हता. जुन्या कागदांत याच अर्थाने आणखी दोन शब्द भेटतात. 'दस्त केला' म्हणजे धरला, आणि लढाईत हाती लागलेला 'पाडाव झाला'. दोन्ही आता बोलण्यातून गेले.

तरी तुम्ही 'कैद' काढावा असंच मी म्हणेन, पण कारण वेगळं आहे. आजच्या वाचकाला 'कैद' म्हटलं की कैदी दिसतो, आणि कैदी म्हटला की त्याचा काहीतरी गुन्हा असणार असं वाटतं. त्या बाईचा गुन्हा काय? म्हणून 'डांबणे' हा शब्द जास्त जवळचा. यात बळजबरी आहे, आणि करणाऱ्याला तसा हक्क नव्हता हेही त्या शब्दातच येतं. शाळेच्या पुस्तकांत 'इंग्रजांनी देशभक्तांना तुरुंगात डांबले' असं वाक्य आपण सगळ्यांनी वाचलं आहे. इंग्रजांकडे कायदा होता, वॉरंट होतं, तुरुंग होता. तरी मराठी माणसाने 'डांबले'च लिहिलं, कारण तो कायदा त्याला मान्य नव्हता. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर-आष्टी पेटली, त्यानंतर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना चंद्रपुरात पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. माझे वडील हे सांगताना दर वेळी 'महाराजांना डांबलं' असंच म्हणत. चोराला शिक्षा झाली की मात्र 'तुरुंगात गेला' म्हणत. शब्द निवडताना ते कुणाच्या बाजूने उभे आहेत हे आम्हाला कळायचं.

कोर्टाची पायरी

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. मास्तरांशी भाषेपुरती सहमत आहे, पण अर्ज पोलिसांकडे जातोय, म्हणून कायद्याचं मराठीही सांगते.

कायद्यात दोन वेगळे शब्द आहेत. 'गैरनिरोध' आणि 'गैरपरिरोध'. माणसाला ज्या दिशेने जायचा हक्क आहे त्या दिशेने जाऊ दिलं नाही, वाट अडवली, तर गैरनिरोध. चारही बाजूंनी अशी हद्द घातली की तिच्याबाहेर पडताच येऊ नये, तर गैरपरिरोध. शेताच्या धुऱ्यावर उभं राहून भावाला पुढे जाऊ न देणं पहिल्यात येतं. बाहेरून कडी घालणं दुसऱ्यात. जुन्या दंड संहितेत ही कलमं ३३९ आणि ३४० होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ती १२६ आणि १२७ आहेत.

पऱ्हाटीताई, आता हे नीट वाचा. १२७ मध्ये दिवस मोजले जातात. साध्या गैरपरिरोधाला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, तीन किंवा अधिक दिवस ठेवलं तर तीन वर्षांपर्यंत, दहा किंवा अधिक दिवस ठेवलं तर पाच वर्षांपर्यंत. तुमच्या अर्जात 'बारा दिवस' आहे ते फार मोलाचं आहे, पण नुसता आकडा लिहू नका. कोणत्या तारखेच्या संध्याकाळपासून कोणत्या तारखेच्या सकाळपर्यंत, कडी कोण घालायचं, कधी उघडायचं, फोन कुणी घेतला आणि कधी, हे सगळं लिहा. दिवसा कामावर नेत होते तर तिथे नजर कोण ठेवायचं तेही लिहा, नाहीतर उद्या समोरचा म्हणेल की दिवसा तर मोकळेच होते. 'डांबले' लिहा, 'कोंडले' लिहा, कोर्ट त्या शब्दावर अडत नाही. काय घडलं त्यावरून कलम लागतं, आणि कलम शोधणं अर्जदाराचं काम नाही.

घटना परराज्यातली असली तरी गुन्हा इथे शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. ठाण्यातून 'तिकडे जा' असं उत्तर आलं तर हे सांगा. उचल फेडण्यासाठी ठेवलं असेल तर प्रकरण वेठबिगारीत जातं. त्याविरुद्ध १९७६ चा कायदा आहे, त्यासाठी एक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानेही करा.

जाता जाता, मास्तर, 'अटक' हा शब्द तुमच्याकडून राहिला. लोक अटक आणि कैद एकच समजतात. अटक म्हणजे कायद्याच्या अधिकाराने धरणं, तिथून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदाने. मग कोठडी, आधी बहुधा पोलीस कोठडी आणि नंतर न्यायालयीन. शिक्षा झाली तरच कारावास, साधा किंवा सश्रम. बातमीत 'आरोपीला तुरुंगवास' असं वाचलं आणि खाली बघितलं तर न्यायालयीन कोठडी असते. त्या माणसाच्या घरच्यांचं काय होत असेल याचा विचार बातमी लिहिणाऱ्याने करायला हवा.

कोठ्यातला कंदील

कोठडीवरून आठवलं. आमच्याकडे गोठा म्हणत नाहीत, ढोरांचा कोठा म्हणतात. कोठडी म्हणजे लहान कोठाच. ढोरं बांधायच्या आणि माणसं ठेवायच्या जागेचं नाव एकाच शब्दातलं, हे मला लहानपणी कळलं तेव्हापासून बोचतं.

माझे आजोबा गावचे गायकी होते. सगळ्या गावाची ढोरं सकाळी ते चारायला न्यायचे. आखरावर उभं राहून कुणाची गाय आली नाही ते त्यांना न मोजता कळायचं. एखादं ढोर चुकून कुणाच्या पऱ्हाटीत घुसलं की तो शेतकरी ते हाकत कोंडवाड्यात नेई. कोंडवाड्याचा कायदा इंग्रजांचा, १८७१ चा. ग्रामपंचायतीत पैसे भरले की ढोर सुटे, दिवस जास्त झाले की चाऱ्यापाण्याचा खर्च वाढे. आजोबा स्वतःच्या खिशातून भरून दुसऱ्याची म्हैस सोडवून आणत, कारण ती त्यांच्या भरवशावर होती. आमच्या गावचा कोंडवाडा आता नुसत्या चार भिंती आहे, आत बाभळी उगवल्या.

हे सांगायचं कारण असं, की 'कोंडणे' हलका शब्द आहे असं ताईंना वाटलं ते मला पटत नाही. कोंडलेल्या ढोराला सोडवायला नियम होता, पावती होती, दर ठरलेला होता. त्या बाईला सोडवायला काय होतं? ट्रकवाला भेटला म्हणून सुटली. तिने 'कोंडलं' म्हटलं तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर कोंडवाडाच असणार. तो शब्द काढू नका.

आणि आमच्याकडे कोंबड्यांसाठी वेगळा शब्द आहे, 'डालणे'. संध्याकाळी डालग्याखाली कोंबड्या डालतात. माणसासाठी तो कुणी वापरत नाही.

चांदा

मी चंद्रपूरकडचा. आमच्या भागात पेपर उघडला की 'जेरबंद' दिसतो. वाघ जेरबंद, बिबट्या जेरबंद, आणि त्याच पानावर दुचाकी चोरणारी टोळी जेरबंद. राजुरा भागातला आरटी-१ वाघ २०२० च्या ऑक्टोबरात पिंजऱ्यात आला, त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲपवर याच एका शब्दाने शंभर निरोप आले असतील. लोक रडले होते. त्याआधी कित्येक महिने शेतात जायची हिंमत नव्हती. उलट २०१८ मध्ये तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात राळेगावकडची टी-१ वाघीण गोळीने मारली गेली, आणि पुढे तिचं एक पिल्लू जेरबंद झालं. वाघीण जेरबंद झाली असती तर, असं अजूनही बोललं जातं. म्हणजे आमच्यासाठी या शब्दात जीव वाचल्याची भावना आहे, दोन्ही बाजूंचा.

मूळ मात्र घोड्याचं आहे. जेरबंद म्हणजे घोड्याने मान वर फेकू नये म्हणून खालून बांधलेला पट्टा. फारसीत 'जेर' म्हणजे खाली. माणसाला लावला की अर्थ होतो आटोक्यात आणला. निर्दोष माणूस जेरबंद होत नाही, जो धोकादायक आहे तोच होतो. तेव्हा ताईंच्या अर्जात हा शब्द चुकूनही नको.

मोर्शीची संत्री

'मुसक्या आवळल्या' पण तसंच ना? डवरणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात, पीक खाऊ नये म्हणून. त्यावरूनच आला असणार.

शाळामास्तर, दारव्हा

मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं, वर्गात तसं सांगितलंही. पण मुसकं तोंडाला असतं आणि मुसक्या हातांना. दोन्ही हात पाठीमागे नेऊन बांधणे म्हणजे मुसक्या बांधणे. हिंदीत 'मुश्कें कसना' म्हणतात, त्यातली मुश्कें म्हणजे दंड. बैलाचं मुसकं तोंडावरून आलेलं, हा शब्द निराळा. आवाज सारखा म्हणून आपण दोन्हींची गाठ मारली. बेडी आणि हातकडीचंही तसंच झालं आहे. बेडी पायातली, हातकडी नावाप्रमाणे हातातली. आज 'बेड्या ठोकल्या' म्हटलं की सगळ्यांना मनगटं दिसतात.

पण खोडाची गंमत ऐका, ही मला फार आवडते. 'खोडा' म्हणजे भोकं पाडलेला लाकडाचा ओंडका, त्यात गुन्हेगाराचे पाय अडकवून ठेवत. खोड, झाडाचं खोड, त्यावरून खोडा. आपण आज 'कामात खोडा घातला' म्हणतो तो हाच. आता 'तुरुंग' घ्या. हा पोर्तुगीज 'त्रोंकू'वरून आला असं मानतात. त्रोंकू म्हणजे झाडाचं खोड, मग पाय अडकवायचा ओंडका, मग बंदिखाना. म्हणजे समुद्रापलीकडचे लोक आणि आपण, दोघांनीही माणूस अडकवायला झाडाचं खोडच घेतलं, आणि दोघांच्याही शब्दात ते राहिलं. शुद्ध मराठी हवं म्हणून कुणी 'जेल नको, तुरुंग म्हणा' असं सांगतो तेव्हा मी त्याला हे सांगतो. सरकारी पाटीवर 'कारागृह' असतं. कीर्तनात 'बंदिशाळा' असते, गोकुळाष्टमीला देवकी-वसुदेवाची. आणि आमच्या गावात सरळ 'जेलात हाय' म्हणतात.

मोर्शीची संत्री

आमच्या मोर्शीला खुलं कारागृह आहे. चांगल्या वर्तणुकीचे बंदी तिथे शेती करतात. 'खुलं' आणि 'कारागृह' हे दोन शब्द शेजारी कसे बसले याचं मला लहानपणी नवल वाटायचं. आता वाटतं, कडी नसली तरी परवानगीशिवाय जाता येत नाही, म्हणजे कारागृहच.

नर्सबाई

वरची शेवटची ओळ वाचून लिहावंसं वाटलं. मी गडचिरोलीत उपकेंद्रावर काम केलं आहे. तिथल्या माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बायका गावाबाहेरच्या कुर्माघरात राहतात. त्याला कडी नसते, पहारा नसतो. पावसात छप्पर गळतं, साप निघतो, तरी ती बाई घरी येत नाही. यासाठी कुणी 'कोंडलं' म्हणत नाही, तीही म्हणत नाही. कुर्मात आहे, एवढंच. माझ्याकडेही याला शब्द नाही आणि तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

२०२० मध्ये मात्र उलटं पाहिलं. बाहेरून परतलेले मजूर जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवले. कागदावर 'विलगीकरण'. दाराला कुलूप नव्हतं, जेवण गावातून येत होतं, मी रोज ताप बघायला जायची. तरी सगळे म्हणत, "आमाले शाळेत कोंडलं." मला तेव्हा वाईट वाटायचं, आम्ही त्यांच्या भल्यासाठीच करत होतो. आता कळतं, स्वतःचं घर समोर दिसत असताना तिथे जाता येत नाही, त्याला दुसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

वर्धेची लेक

एका शब्दाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, 'बसवून ठेवलं'. माझ्या मामाला एकदा एका ठाण्यात सकाळपासून रात्री अकरापर्यंत बसवून ठेवलं. अटक नाही, नोंद नाही, जा म्हणत नाहीत. विचारलं तर उत्तर, "बसवलंय फक्त." ठेकेदार, सावकार यांचेही असेच मऊ शब्द असतात. ठेवून घेतलं, थांबवलं, हिशेब होईपर्यंत राहू दिलं. पऱ्हाटीताई, तुमचा ठेकेदार काय म्हणतो ते विचारा. मला खात्री आहे तो 'ठेवून घेतलं' म्हणत असेल.

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. वर्धेच्या ताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, ठेकेदार फोनवर सांगत होता, "उचल फिटेपर्यंत ठेवून घेतलं, खायला घालत होतो ना?"

काल संध्याकाळी पुन्हा बसलो. वकीलताईंनी सांगितलं तसं तारखा काढल्या. बाईला तारखा येत नव्हत्या, पण पहिल्या रात्री एकादशी होती हे तिला पक्कं आठवत होतं, कारण तिचा उपास होता. तिथून कॅलेंडरवर मोजत आलो. रात्री बाराच भरल्या. आता अर्ज असा आहे:

"अमुक तारखेच्या संध्याकाळपासून ठेकेदाराने आम्हा चौघांना भट्टीवरील खोलीत कोंडले. तो रोज दिवस मावळल्यावर खोलीला बाहेरून कडी घालत असे व पहाटे कामाच्या वेळी उघडत असे. दिवसा त्याचा माणूस आमच्यावर नजर ठेवत असे. आमचा फोन त्याने काढून घेतला होता. आम्ही गावी जाऊ द्या असे वारंवार म्हटले, तरी उचल फिटल्याशिवाय जाता येणार नाही असे सांगून बारा रात्री आम्हाला आमच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवले."

शाळामास्तर, दारव्हा

उत्तम. 'कोंडले' कडीसाठी आणि 'डांबून ठेवले' सगळ्या बारा दिवसांसाठी, दोन्ही आपापल्या जागी आहेत. 'वारंवार' काढून किती वेळा ते लिहा.

कोर्टाची पायरी

मास्तरांचं बरोबर आहे. आणि अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.

पऱ्हाटी

आज अर्ज दिला. 'वारंवार'च्या जागी 'तीन वेळा' लिहिलं, बाईने बोटांवर मोजून सांगितलं. टेबलावर आज दुसरं कुणी होतं. पूर्ण वाचलं, तारखांपाशी थांबून पुन्हा वाचलं आणि मोठ्या साहेबांकडे नेलं. पोच मिळाली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावचा अर्ज सोमवारी घेऊन जाणार.

देण्याआधी झाडाखाली बसून मी तो बाईला सावकाश वाचून दाखवला. 'कोंडले'पाशी ती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "हाव. आसंच झालं." मग तिने अंगठा उठवला.